शहर मंत्रालयातच बरं

सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींत एक तरी गृहस्थ असा असतोच, ज्याचा मुलगा अमेरिकेत असतो आणि जो तिथे सहा महिने राहून आलेला असतो. त्याला तिथले फुटपाथ आवडलेले असतात. एवढ्यावर थांबला तर हरकत नाही. पण हल्ली तो पुढे जाऊन म्हणतो, "अहो, तिथे शहराची स्वतःची सनद असते. महापौर कसा निवडायचा, नगरसेवक किती, कारभार कुणी बघायचा, हे शहर स्वतः लिहून काढतं आणि त्यावर लोक मतदान करतात. आपल्या पुण्याला काय धाड भरलीय?" असा माणूस भेटला तर त्याला उडवून लावू नका. तो वेळेवर मिळकतकर भरणारा असतो आणि बहुधा सोसायटीचा सेक्रेटरीही असतो, म्हणजे चिकाटी दांडगी. त्याला गोडीगुलाबीनं परावृत्त करावं लागतं. पुढचे मुद्दे तुमच्या उपयोगी पडावेत.

सुरुवात राज्यघटनेपासून करा. घटनेचं नाव काढलं की समोरचा जरा सावरून उभा राहतो. त्याला सांगा, शहरांच्या स्वराज्याबद्दलची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, आता वेगळी सनद कशाला? महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आणि महाराष्ट्रानं ते तंतोतंत पाळलं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर सभा एक दिवससुद्धा जास्त चालू दिली नाही. मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक उरकावी, असंही त्याच कलमात पुढे म्हटलंय. पण इतकं पुढे कोण वाचतं? निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. कोल्हापूर, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर ही शहरं तर आणखी भाग्यवान, त्यांची मुदत २०२० मध्येच संपली होती. म्हणजे तिथे नगरसेवकांविना एक अख्खी टर्म निघाली आणि वर सुटे पैसेही उरले. (निवडणुका अडवणारा ओबीसी आरक्षणाचा पेच खरा होता, खटलाही खरा होता. तो सुटायला इतकी वर्षं लागावीत का, हे मात्र टेकडीवर विचारू नये, चढ आहे.)

या काळात कारभार किती सुटसुटीत झाला, ते सविस्तर सांगा. एरवी आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समितीनं तो तहकूब करायचा, पुढच्या बैठकीत उपसूचना यायची, मुख्य सभेत कुणीतरी मडकं घेऊन यायचं, सभागृह नेत्यानं माइक ओढायचा. मुदत संपल्यावर सरकारनं आयुक्तांनाच प्रशासक नेमलं, आणि प्रशासकाच्या राज्यात हे सगळं एका खुर्चीत मावतं. आयुक्त म्हणून प्रस्ताव सादर करायचा, प्रशासक म्हणून स्थायी समितीच्या वतीनं तो वाचायचा, पटला तर मंजूर करायचा, आणि मग मुख्य सभेच्या वतीनं स्वतःच्याच निर्णयाला मान्यता द्यायची. पटत नाही असं सहसा होत नाही. मुंबईत २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच पार पडला. अतिरिक्त आयुक्तांनी तो आयुक्तांना सादर केला, आणि आयुक्त हेच प्रशासक. देशातल्या कित्येक छोट्या राज्यांहून मोठा हा आकडा, पण त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसानं "अध्यक्ष महोदय" म्हणून कुणाचा वेळ घेतला नाही. सनद असती तर तिच्यात कुणीतरी आगाऊपणानं लिहून ठेवलं असतं की सभा अस्तित्वात नसताना खर्च मंजूर करता येणार नाही.

मग तो गृहस्थ प्रभागांवर येईल. येऊ द्या. त्याला विचारा, ३, १, २, ४, पुढची संख्या कोणती? स्पर्धा परीक्षेतला प्रश्न वाटतो, पण ही पुण्याच्या एका प्रभागातल्या नगरसेवकांची संख्या आहे: २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग सरकार बदललं आणि तीन ठरले, पुन्हा बदललं आणि चार झाले. दर वेळी कायदा बदलला तो मुंबईत, नकाशे पुन्हा काढले ते पुण्यात, आणि हरकती-सूचनांच्या सुनावणीला तुम्ही-आम्ही रांगेत. मतदारानं एकाच खोलीत अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. पुढे ड्रेनेज तुंबलं की 'अ'ला फोन करावा, तो म्हणतो ते 'क' बघतात, 'क' म्हणतो माझं बजेट संपलं, 'ब' लग्नात असतात, आणि 'ड' ताई फोन उचलतात पण देतात पतीदेवांकडे. शहरानं आपली रचना आपणच ठरवली असती, तर ती पंचवीस वर्षं तशीच राहिली असती आणि आपला नगरसेवक कोण, हे लोकांना पाठ झालं असतं. एवढी जवळीक बरी नव्हे.

इथे तो हमखास म्हणेल, "मग मुंबईचं वेगळं कसं? तिथे एका प्रभागाला एकच नगरसेवक." हा मुद्दा जपून हाताळा, कारण तो बरोबर बोलतोय. मुंबईला स्वतःचा कायदा आहे, १८८८ चा, तर पुण्यासारख्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्याखाली नांदतात. मुंबईच्या कायद्यामागे फिरोजशहा मेहतांची मेहनत होती. महापालिकेच्या इमारतीबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. पण घाबरू नका, उत्तर सोपं आहे. कायदा मुंबईचा असला तरी तो बदलण्याचा हक्क मुंबईचा नाही. २२७ नगरसेवकांचे २३६ करायचं ठरलं, ते विधिमंडळात. २३६ चे पुन्हा २२७ करायचं ठरलं, तेही विधिमंडळात. आयुक्त १८८८ मध्ये सरकार नेमायचं, आजही सरकारच नेमतं. फक्त तेव्हाचं सरकार गोरं होतं, हा तपशील. खुद्द मेहतांनाही कारभार एका आयुक्ताच्या हातीच हवा होता, मात्र त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा धाक असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण त्यातली पहिली अर्धी शिकवण नीट सांभाळली आहे. थोडक्यात, स्वतःचा कायदा म्हणजे स्वतःची सनद नव्हे, आणि आपल्याकडे जे मिळेल ते पहिल्या प्रकारचंच मिळेल, हे ऐकून त्याचा निम्मा उत्साह तिथेच ओसरतो.

पैशांचा विषय दोन वाक्यांत संपवा. पुण्याची जकात जाऊन २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेकांसाठी गेला, आणि दोन्ही वेळी शहराला कळवण्यात आलं. मुंबईची जकात २०१७ च्या जीएसटीपर्यंत टिकली, नंतर तिला सरकारकडून ठरलेली नुकसानभरपाई मिळू लागली, दर वर्षी आठ टक्के वाढीसह. कमावत्या माणसाला हातखर्ची सुरू झाली की कसं, कमावण्याची कटकटच राहत नाही.

मिळकतकराचं मात्र थोडं लांबवा, कारण ही जखम ताजी आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. कुणाची तक्रार नव्हती. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारनं सवलतीचा ठराव मोडीत काढला आणि लोकांच्या हातात वाढीव बिलं पडली. आरडाओरडा झाला, मोर्चे झाले, २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं सवलत परत दिली. आता यातली गंमत बघा. काढून घेतली त्यांनी, दिली त्यांनी, आणि चौकाचौकात आभाराचे फ्लेक्स लागले तेही त्यांचेच. तुम्ही फक्त पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा आणि आपल्याच घरात आपणच राहतो, याचा पुरावा कार्यालयात नेऊन द्यायचा. खिडकीपलीकडची बाई सोसायटीचं पत्र उलटसुलट बघते, शिक्का फिका आहे म्हणते, आणि आपण गावाकडची गोष्ट सांगावी तसं तिला सांगू लागतो की आमच्या सेक्रेटरींचं शाईचं पॅड वाळलंय. सनदेच्या शहरात ही करमणूक कुठून आणणार?

आणि गावं! हा मुद्दा हुकमी आहे, शेवटी काढा. शहराची हद्द कुठपर्यंत, हे शहर ठरवत नाही. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि पुणे क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे गेलं. पहिल्या पानावर बातमी, अभिमानाला पारावार नाही. त्या २३ गावांत पाणी कुणी द्यायचं? महापालिकेनं. कचरा? महापालिकेनं. रस्ते कुठून जाणार हा आराखडा? तो पीएमआरडीए या सरकारी प्राधिकरणानं करायचा, असं वरून ठरलं. म्हणजे घर कुठे बांधायचं ते एकानं सांगायचं आणि नळ दुसऱ्यानं जोडायचा. तिकडे आधीच्या ११ पैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांना कर जास्त वाटू लागला. शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षं उरुळीच्या डेपोत टाकलेला, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच फोल होतं असं नाही. त्यांनी मुंबईत धाव घेतली आणि २०२२ च्या डिसेंबरात ती दोन गावं बाहेर काढायचं ठरलं. त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कचरा डेपो मात्र होता तिथेच राहिला, त्याला गावाबरोबर जायची-यायची सवय नाही.

खुद्द जुन्या हद्दीचा विकास आराखडाही असाच. सभेत तो वेळेत निस्तरला नाही, हे खरं आहे. बागा-शाळांसाठी राखलेल्या जागांवरची आरक्षणं उठवण्याच्या लगबगीत नगरसेवकांना तारखेचं भान राहिलं नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर करून परत पाठवला. आता तर बांधकामाची नियमावलीही मुंबई आणि मोजकी क्षेत्रं सोडून अख्ख्या राज्याला एकच आहे, म्हणजे सिंहगड रस्ता आणि गडचिरोली यांना एकच पुस्तक. हल्ली इतकी समता दुसरीकडे कुठे सापडते सांगा.

एवढं होऊनही गृहस्थ बधला नाही, तर अमेरिकेचंच हत्यार काढा. कॅलिफोर्नियात बेल नावाचं एक छोटं शहर आहे, वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. अर्धवेळ नगरसेवकांच्या पगाराला राज्य कायद्याची मर्यादा होती, पण सनदी शहरांना ती लागू नव्हती. म्हणून २००५ मध्ये विशेष मतदान घेऊन शहरानं सनद स्वीकारली. मतदानाला चारशेही माणसं आली नाहीत. पुढे नगरसेवक वर्षाला जवळपास लाख डॉलर घेऊ लागले आणि शहराच्या प्रशासकाचा पगार आठ लाख डॉलरच्या घरात गेला. हे सांगताना आवाज खर्जात न्या. "बघा, सनद म्हणजे काय ते!"

गोष्ट इथेच तोडा, हे फार महत्त्वाचं. पुढचा भाग असा की २०१० मध्ये वर्तमानपत्रानं पगाराचे आकडे छापले, लोक सभागृहात जाऊन ओरडले, मार्च २०११ मध्ये मतदान करून त्यांनी नगरसेवकांना मुदतीआधीच घरी पाठवलं, आणि तो प्रशासक पुढे बारा वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. हे ऐकलं तर गृहस्थ विचारेल, आपल्या आयुक्ताला आपण घरी पाठवू शकतो का? नगरसेवकाला? वरून नेमलेल्या प्रशासकाला? आणि मग दुसऱ्या दिवशी तुम्हाला टेकडी बदलावी लागेल.

तरीही काही मंडळी सनदेचा मसुदा करतातच, त्याला इलाज नाही. त्यांना अडवू नका, फक्त रीत समजावून सांगा. मसुदा तीन प्रतींत हवा. तो नगरविकास खात्याच्या आवक-जावक शाखेत द्यावा लागेल, कारण शहरानं स्वतःचा कारभार स्वतः करावा की नाही, हा निर्णय अर्थातच तिथे होतो. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीननं निघा, साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतराल. मंत्रालयात अभ्यागतांना दुपारी दोननंतर सोडतात, तोवर पासाची रांग आणि समोरचा वडापाव. आत गेल्यावर कळेल की आपल्या शहराचं टेबल बघणारे कक्ष अधिकारी बैठकीला गेलेत. थांबा. ते आले की नस्तीवर "तपासून सादर करावे" असा शेरा घेऊन ठेवा, तो मिळाला तरी फेरी सार्थकी लागली. परतीची डेक्कन क्वीन पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते, आणि मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी बहुधा मंत्रिमंडळाची बैठक असते. पुण्याबद्दल काय ठरलं, ते संध्याकाळी बातम्यांत कळेलच.