पट तिप्पट, अनुदान तेवढंच

‘पटसंख्येनुसार निधी मिळत असल्याने वाढत्या गावांवर अन्याय होत नाही’ हे शाळांच्या निधीवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान बघा. 251 ते 1000 मुलं असतील तर वर्षाला 75 हजार. म्हणजे पट 300 वरून 900 वर गेला तरी एक रुपया वाढत नाही. त्यातच खडू-फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि दहा टक्के स्वच्छतेसाठी. संडासाचे नळ मात्र तिप्पट वेळा तुटतात, ते कोणाच्या हिशोबात?

पुण्याला लागून असलेल्या आमच्या गावात मी चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. पट धरला जातो 30 सप्टेंबरचा. बांधकामावरच्या मजुरांची मुलं येतात दिवाळीनंतर. ती वर्गात बसतात, पण कागदावर यायला पुढचं वर्ष उजाडतं. नव्या खोल्यांचा प्रस्ताव पाठवला, तर आधी जुन्या खोल्यांचं निर्लेखन करा, म्हणजे त्या वापरायोग्य नाहीत म्हणून नोंदीतून काढा, म्हणाले. केलं. दोन खोल्या पाडल्या, नव्यांची मंजुरी यायला दीड वर्ष लागलं. तोवर तिसरी-चौथी देवळाच्या सभामंडपात, आणि सप्ताह असला की सुट्टी! शेजारच्या बारा मजली सोसायटीला परवानगी देताना तिथली मुलं कुठे शिकणार, हे कोणी विचारलं होतं का? खोल्यांचा हिशोब तिथूनच सुरू व्हायला हवा. लेखात त्यावर एक ओळही नाही.