पाच तासांची सुई

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुयांवरून जुंपली. मुलुंडच्या माझ्या ताईला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार. निदान व्हायलाच चार वर्षं गेली. तोवर एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि सकाळी अंग असं ठणकायचं की गाऊनची बटणं लावायला बोटं वळायची नाहीत. 'दादरला ॲक्युपंक्चर सुरू केलंय,' म्हणजे अंगात बारीक सुया टोचून घेण्याचा उपचार, एवढंच तिने लिहिलं. भाओजी म्हणाले, "चिनी खूळ." मावशीने लगेच सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना मैदानात उतरवलं. (कोटणीस शल्यचिकित्सक. ही विद्या पुढे भारतात आणली ती १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी. पण मावशीला सांगणार कोण?) तीन दिवस फॉरवर्डांचा पाऊस पडला. ताई मात्र गप्प.

मी मँचेस्टरला असते, म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच विचारणा: "तुमच्याकडे काय म्हणतात गं?"

आमच्याकडे जे म्हणतात ते दोघांनाही रुचणारं नाही. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या या आजारावरच्या २०१३ च्या आढाव्यात नऊ चाचण्या होत्या, रुग्ण ३९५. सुया न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांचं दुखणं आणि आखडणं कमी झालं. पण खोट्या सुया, म्हणजे कातडीत न शिरणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या, घेतल्या त्यांनाही साधारण तेवढाच आराम पडला. सुयांना हलका वीजप्रवाह जोडला तिथे गुण जरा जास्त दिसला. एवढ्याशा रुग्णांवरून कुणी छाती ठोकून काही सांगू नये, भाओजींनीही नाही.

तरी डॉक्टरांना उपचारांच्या सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने एप्रिल २०२१ च्या सूचनांमध्ये अशा चिवट दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरला जागा दिली. त्याच सूचनांमध्ये पॅरासिटामॉल नि आयब्युप्रोफेन सुरू करू नका असंही म्हटलंय, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. सुयांना मात्र अट आहे: एकच कोर्स, आणि उपचार करणाऱ्याचा वेळ सगळा मिळून फार तर पाच तास.

हा पाचचा आकडा मला पटला. कारण मे महिन्यात मुंबईला आले तेव्हा ताईबरोबर मीही दादरला गेले होते. पंखा बारीक केलेला, ताई पालथी, पोटऱ्यांवर केसासारख्या सुया, त्यांना चिमटे, आणि शेजारी टुकटुक करणारं छोटं यंत्र. सुया टोचण्याआधी त्या बाईंनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. झोप कशी लागते, किती वाजता जाग येते, लोकलमध्ये उभं राहिलं की आधी काय दुखतं. "चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं," ताई जिना उतरताना म्हणाली. आराम त्या वीस मिनिटांनी पडला की सुयांनी, हे मला ठरवता येत नाही आणि ताईला त्याची फिकीरही नाही. पण काउंटरवर तीस बैठकांचं पॅकेज पुढे आलं, पैसे आगाऊ. तिथे माझं डोकं फिरलं.

आमच्या ग्रुपवरचा वाद 'सुई खरी की थोतांड' यातच अडकला. किती वेळा, कुणाकडून आणि गुण नाही आला तर थांबायचं कधी, हे कुणी विचारलंच नाही. यात परदेशाची शेखी मिरवायलाही जागा नाही. ब्रिटनमध्ये ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या पात्रतेची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, संघटनांची ऐच्छिक यादी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. म्हणजे दादरच्या बाईंकडे नोंदणी क्रमांक मागायची सोय ताईला आहे, मला इथे नाही. मागायला ती लाजली, मग मीच मागितला. होता, भिंतीवर लावलेलाच होता.

पॅकेज आम्ही घेतलं नाही. दर बैठकीला पैसे देऊ म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी जरा फुरंगटली, पण मानली. वेदनातज्ज्ञांनी दिलेली रात्रीची गोळी चालूच आहे, ती सोडायची नाही असं ताईकडून वदवून घेतलंय. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये या आजारासाठी ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, व्यायामाची. ॲक्युपंक्चरला 'चालेल' इतपतच.

शनिवारी ताईचा फोन आला. पाच बैठका झाल्या, झोप बरी लागते, भाओजी स्वतः सोडायला येतात आणि बाहेर पेपर वाचत बसतात. "सहावीला जाऊ ना?"

"जा. पण चालायला जातेस का?"

"अगं, पाऊस बघ केवढा आहे इथे!"