विश्रामबाग वाडा कुलुपामुळे वाचलेला नाही

"शनिवारवाडा इंग्रजांनी लढाईत जाळला. विश्रामबाग वाड्याला मात्र 1818 साली कुलूप लागलं, म्हणून पेशव्यांनी बांधला तसाच तो आजही उभा आहे." पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरच्या त्या देखण्या दर्शनी भागाच्या फोटोखाली हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. वाडा मलाही जिवाभावाचा आहे, म्हणूनच हे लिहितो.

शनिवारवाड्याचं आधी उरकतो. 17 नोव्हेंबर 1817 ला त्याच्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, तेव्हा वाडा शाबूत होता. तो जळाला 27 फेब्रुवारी 1828 च्या आगीत, लढाईनंतर दहा वर्षांनी.

आता कुलूप. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांची सत्ता गेली आणि 1821 मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. खर्च कुठून? पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, तिच्याच निधीतून! हीच पाठशाळा वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली आणि 1868 मध्ये येरवड्याला गेली. पुढे वाड्यात नगरपालिकेची कचेरी आली, पोस्ट आलं, ग्रंथालय आलं. इथला राबता कधी थांबलाच नाही. लाकडी वाडा बंद ठेवला तर टिकत नाही, हे जुन्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा. गळकं कौल वेळेवर फिरवायला, वाळवी दिसताच तुळई बदलायला आत माणूस लागतो.

"बांधला तसाच" हे तर मला सर्वांत खटकतं. मे 1879 मध्ये पेशव्यांचाच बुधवार वाडा आगीत गेला, तेव्हा विश्रामबागही पेटला आणि त्याची पूर्वेकडची बाजू जळाली. ती पुन्हा उभी राहिली लोकवर्गणीतून आणि पालिकेच्या पैशातून. "तसाच" म्हटलं की ज्यांनी वर्गणी दिली ते पुणेकर आणि ज्यांनी ते लाकूड पुन्हा घडवलं ते सुतार, दोघेही पुसले जातात.

याच मजकुरात वाड्याला "पेशवाईच्या भरभराटीची खूण" म्हटलंय. इंग्रजी फौज पदरी घेण्याचा वसईचा तह दुसऱ्या बाजीरावांनी केला 31 डिसेंबर 1802 ला. वाडा पुरा झाला 1807 च्या सुमारास, म्हणजे पेशवे इंग्रजी फौजेच्या आधाराने गादीवर असताना. कारागिरी मात्र अव्वल. फुटपाथवरून मान वर करून सज्जा बघा. सागवानी खांब खाली फुगीर, वर निमुळते, अगदी सुरूच्या झाडासारखे. त्यांच्यामध्ये महिरपी आणि केळफुलांचं कोरीवकाम.