थकवा, पण कबूल करू नका

डायरेक्टरसाहेब, माल घेतलात, विकलात, नफा मोजलात आणि पुरवठादाराचं बिल दीड वर्ष टेबलावर ठेवलंत. इथवर तुमचं काहीच चुकलं नाही. घोटाळा झाला तो पुढे. 'माल उत्तम होता, पेमेंट सोमवारी नक्की' असं तुम्ही त्याला सहीनिशी कळवून बसलात! अहो, एवढा सभ्यपणा कोणी सांगितला होता? त्या कबुलीने वसुलीची तीन वर्षांची मुदतसुद्धा नव्याने सुरू होते.

यापुढे मालात खोट काढायला शिका, आणि तीही वेळेवर. पुरवठादाराने धाडलेली दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 ची मागणी नोटीस हातात पडली की पैसे भरायला किंवा वाद दाखवायला मिळतात जेमतेम 10 दिवस; नाहीतर तो कंपनीच्या दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कंपनी न्यायाधिकरणात जातो. तेव्हा एकाएकी आठवलेली तक्रार न्यायाधिकरण ऐकून घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मोबिलॉक्स प्रकरणात सांगून ठेवलंय की वाद नोटिशीच्या आधीचा हवा आणि अगदीच पोकळ नको. तो शेवटी तुम्ही जिंकाल का, हे मात्र त्या टप्प्यावर बघायचं नसतं. मग दर खेपेला 'रंग जरा फिका वाटतो' एवढं लिहून ठेवायला काय जातं?

तेही जमत नसेल तर आकडा सांभाळा. 1956 च्या कंपनी कायद्यात 500 रुपयांवरची थकबाकी आणि 21 दिवसांची नोटीस एवढ्यावर कंपनी गुंडाळायचा अर्ज व्हायचा. (काय ते हलाखीचे दिवस!) संहितेत अर्जासाठीच्या थकबाकीची ही किमान मर्यादा 1 लाख होती, ती 24 मार्च 2020 ला थेट 1 कोटी झाली. तेव्हा प्रत्येक पुरवठादाराचे 99 लाखच थकवा. तो दिवाणी कोर्टात जाईल. तिथे निकालाच्या दिवशी तुमची गाठ बहुधा त्याच्या मुलाशी पडेल. फक्त तो लघुउद्योग म्हणून नोंदलेला नाही ना, ते बघा. नाहीतर 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, वर चक्रवाढ.

एवढं करूनही अर्ज दाखल करून घेतला गेला, तर तुमच्या खुर्चीत दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा नेमलेला व्यावसायिक येऊन बसेल. पण खचू नका. कंपनी विकून आलेल्या पैशांतून आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि बँका, मग कर्मचारी, सरकार... अर्ज करणारा पुरवठादार त्या रांगेच्या शेपटाला. त्याच्याही मागे उभे तुम्ही, भागधारक. रांग हलणार नाहीच. माल खरंच चांगला होता, हे तेव्हा त्याला निवांत सांगा.