सेन्सर बदलण्याआधी मोजायचा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एसीचा तापमान सेन्सर बदलण्याआधी मोजून पाहा, असं सांगणारा माझा लेख तुम्ही मेकॅनिकच्या नजरेने बारकाईने वाचलात आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एसीने सेन्सरचा एरर कोड दाखवला म्हणजे सेन्सर गेला. वस्तू स्वस्त आहे, बदलून मोकळं व्हावं, मोजत बसू नये. शिवाय घरच्या माणसाला मल्टिमीटर घेऊन एसीपाशी उभं करणं धोक्याचं आहे.

धोक्याचं आधी बोलू. आउटडोअर युनिटला घरच्यांनी हात लावू नये, यात दुमत नाही. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर सर्किट बोर्डावरचे मोठे कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या वर भरलेले राहू शकतात. तिथला डिस्चार्ज सेन्सर (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपवरचा) आणि कॉइल सेन्सर हे तुमच्यासारख्या मेकॅनिकचंच काम. इनडोअरमध्येही रिमोटने एसी बंद केला म्हणजे सप्लाय बंद झाला असं होत नाही, एमसीबीच, म्हणजे स्विचबोर्डातला ब्रेकरच, पाडायचा. आणि सेन्सरचा जॅक काढायला बोर्डाचा डबा उघडावा लागत असेल, तर तिथेच थांबायचं. पण एमसीबी पाडून पुढची जाळी उचलणं, फिल्टर काढणं आणि खोलीच्या हवेचं तापमान मोजणारा काळ्या थेंबासारखा रूम सेन्सर आपल्या क्लिपमध्ये आहे का एवढं पाहणं कुणालाही जमतं. फिल्टर धुताना धक्का लागून तो काळा थेंब क्लिपमधून निसटतो आणि थंड कॉइलच्या पत्र्यांना टेकतो. मग खोली उकडत असताना एसीला वाटतं की खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर लवकर कट होतो. यात ना कोड येतो, ना काही बिघडलेलं असतं.

आता मोजण्याचं. इथे मी ठाम आहे. बोर्डाला दिसतं ते फक्त व्होल्टेज. सेन्सर हा एनटीसी थर्मिस्टर: गरम झाला की रेझिस्टन्स उतरतो, गार झाला की चढतो. बोर्डावरच्या एका ठरलेल्या रेझिस्टरबरोबर तो सिरीजमध्ये असतो आणि मधल्या जागेच्या व्होल्टेजवरून बोर्ड तापमान काढतो. ते व्होल्टेज पार टोकाला गेलं, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलं किंवा शॉर्ट झालं, की सेन्सरचा कोड येतो. आणि त्या सर्किटमध्ये वायर, जॅक, पिना, बोर्डावरचा सोल्डर असं सगळंच आलं. उंदराने वायर कुरतडली काय आणि थर्मिस्टर मेला काय, कोड तोच.

मालवणला एका स्नेह्यांकडचा दीड टनी एसी आठवतो. कोड रात्री यायचा, दिवसा जायचा. नवा सेन्सर बसवून झाला होता, तरी तेच. जॅक काढून मोजलं तर खोलीत साधारण ३० अंश आणि मीटरवर आठ किलोओहमच्या आसपास, म्हणजे १०-केच्या (२५ अंशांना १० किलोओहम असणाऱ्या) सेन्सरला अगदी बरोबर. बोटांत धरला तर आकडा न अडखळता हळूहळू सातपर्यंत उतरला. सेन्सर निरोगी होता. टॉर्च मारून बोर्डाकडे पाहिलं, तर त्या दोन पिनांपैकी एकीवर हिरवट बुरशीसारखा थर होता. खारी हवा, रात्रीचा दमटपणा. नव्या सेन्सरबरोबर जॅक नवा आला होता, पण बोर्डावरची पिन जुनीच राहिली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने ती घासली, पूर्ण वाळू दिली, जॅक घट्ट बसवला. कोड पुन्हा आला नाही. तिथे अजून एक सेन्सर बसवला असता तरी ग्राहकाचे पैसेच गेले असते.

‘बदलून मोकळं व्हा’ याचा दुसरा तोटा तुम्हीही पाहिला असणार. दुकानात ५-के आणि १०-के, दोन्ही मिळतात आणि जॅक सारखा असला की दोन्ही बसतात. १०-केच्या जागी ५-के बसला, तर २५ अंशांच्या खोलीत बोर्डाला ४१च्या आसपास तापमान दिसतं आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. उलट झालं, ५-केच्या जागी १०-के, तर बोर्डाला खोली आठ-दहा अंशांवर दिसते आणि कूलिंगला कॉम्प्रेसर लागतच नाही. दोन्ही आकडे बोर्डाच्या मते शक्य कोटीतले, त्यामुळे सेन्सरचा कोड नाही. मग गॅस भरला जातो, बोर्ड बदलायची गोष्ट निघते. जुना सेन्सर फेकण्याआधी २५ अंशांच्या जवळपास एकदा मोजून नव्याशी ताडला, तर हे सगळं टळतं. जुना पार तुटलेला असेल, तर मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावं.

मोजताना एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशाला, रेझिस्टन्स २५ अंशांच्या तिपटीच्या आसपास किंवा थोडा जास्तच होतो. १०-केचा ३२-३३ पर्यंत जातो. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवलेलं असेल तर डावीकडे नुसता ‘१’ दिसतो, आणि माणूस म्हणतो, सेन्सर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, आहे. रेंज २०० किलोओहमवर न्यायची. जॅक बोर्डातून काढूनच मोजायचं, नाहीतर बोर्डाचं सर्किटही आकड्यात मिसळतं. आणि पाण्यात थेंबच बुडवायचा, तोही पातळ पिशवीत. पिना भिजता कामा नयेत.

तुमच्या एका वाक्याशी मात्र पूर्ण सहमत आहे: ‘बर्फ धरला की लोक सेन्सरला शिव्या देतात.’ फिल्टर चोंदला किंवा गॅस कमी झाला की कॉइल खरोखरच गोठायला येते, आणि कॉइल सेन्सर तेच प्रामाणिकपणे कळवतो. तो कॉम्प्रेसर थांबवतो म्हणून त्याला काढणं, किंवा त्याच्या जागी साधा रेझिस्टर लावून बोर्डाला गप्प करणं, हे कॉम्प्रेसरच्या मुळावर येतं. असं करून दिलेले एसी मी पाहिले आहेत आणि त्याचा मला राग आहे.

कुठल्या मॉडेलला रूम आणि कॉइलसाठी किती केचा सेन्सर लागतो, याच्या नोंदी तुमच्या वहीत असतील तर कृपया पाठवा. त्यांचा तक्ता लेखात जोडतो.