व्हॉट्सॲप आहे की, मग बोर्ड कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, आमच्या दिवाळी अंकाचं काम ट्रेलोवर (कामांची कार्डं रकान्यांत लावायचा ऑनलाइन बोर्ड) चालतं असं मी लिहिलं होतं, त्यावर एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, तिखट आहे पण चालतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दिवाळी अंकाच्या सात-आठ जणांच्या टीमला व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक एक्सेल शीट बास झालं, फार तर फुकटचं स्लॅक (ऑफिसातल्या गप्पांचं ॲप) घ्या, आणि कामं नोंदवायचं टूलच हवं तर जिरासारखं प्रोफेशनल घ्या, ट्रेलो म्हणजे पोरखेळ.

पोरखेळाचं आधी उरकतो. ट्रेलो २०१७ पासून जिरा बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीकडेच आहे, साडेबेचाळीस कोटी डॉलर मोजून घेतलंय त्यांनी. जिरा मुळात सॉफ्टवेअरमधले बग नोंदवायला आलं. आमच्या प्रूफं तपासणाऱ्या काकू सत्तरीच्या आहेत, त्यांना जिरातले स्प्रिंट आणि एपिक असले सॉफ्टवेअरवाल्यांचे शब्द समजावत बसू का कामाला लागू?

आता व्हॉट्सॲप. बोलायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, तिथे मी तुमच्याच बाजूने. पण आमच्या ग्रुपवर एकाच कथेच्या चार पीडीएफ फिरत होत्या, एकीच्या दुरुस्त्या म्हणजे काकूंच्या लाल पेनाचा तिरका फोटो, दुसरीच्या व्हॉइस नोटमधे, मधेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि डीटीपीवाला (पानं लावणारा) रात्री साडेअकराला विचारतोय "फायनल कुठली?" तर त्यावर तिघांनी नुसता अंगठा दाखवला! एक्सेल होती की, पण ती भरणारा एकटाच आणि तो गावाला गेलेला.

ट्रेलोवर एका कथेचं एक कार्ड, ते "आलं", "डीटीपी", "पहिलं प्रूफ", "दुसरं प्रूफ", "छपाईला" अशा रकान्यांतून उजवीकडे सरकत जातं, कार्डावर ज्याचं नाव त्याच्याकडे काम आणि पीडीएफ त्याच कार्डाला. भांडणं होतातच, पण "माझ्याकडे आलंच नाही" म्हणायची सोय राहिली नाही.

फुकटच्या अटी मात्र नीट वाचा. ट्रेलोत फुकटात एका वर्कस्पेसला (म्हणजे एका टीमच्या जागेला) १० जणच, म्हणून लेखकांना आम्ही आत घेतच नाही, त्यांचं ईमेलवर भागतं. फुकटच्या स्लॅकमधे ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत. आमचं काम जूनमधे सुरू होतं, म्हणजे ऑक्टोबरात छपाईच्या तोंडावर चित्रकाराचं मानधन काय ठरलेलं ते बघायला जावं तर जूनचं बोलणं गायब. आणि टूल सोडताना आपली माहिती बाहेर नेता येते का तेही बघा, इथे ट्रेलोही काही धुतल्या तांदळाचं नाही, फुकटात जेसन फाइल (प्रोग्रॅमरांच्या कामाची) मिळते, एक्सेलमधे उघडणारी सीएसव्ही हवी तर पैसे भरून प्रीमियम. जेसन घेऊन डीटीपीवाला काय करणार, म्हणून पीडीएफ ड्राइव्हवर पण ठेवतो.

तिघंच असाल आणि एकाच खोलीत बसत असाल तर भिंतीवर कागद चिकटवा, कुठलंच टूल नको. पण तुम्ही खरंच जिरा वापरताय ना, मग एक सांगा, तुमचा प्रेसवाला त्यात लॉगिन करतो? करत असेल तर कसं जमवलंत ते लिहाच, आमचा अजून पासवर्ड फोनवर विचारतो.