एका रात्रीत म्हणे!

फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरचं बोनिफासिओ गाव. चुनखडीच्या उभ्या कड्यात कोरलेल्या १८७ पायऱ्या, खाली निळाशार समुद्र. आणि मागून आवाज, "एका रात्रीत खोदल्यात बरं का!"

अहो काका, एका रात्रीत? आमच्या सोसायटीच्या जिन्यातली एक फरशी बदलायला तीन महिने लागले! म्हणे १४२० साली स्पेनमधल्या अरागॉनचा राजा पाचवा अल्फोन्सो वेढा घालून बसला आणि त्याच्या सैनिकांनी रातोरात जिना खोदला. खाली शत्रू ठाकठाक टिकाव मारतोय आणि वर अख्खं गाव काय घोरत होतं? कड्याखालच्या गोड्या पाण्यापर्यंत पोचायला फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी खोदला असावा, हे जास्त पटतं. पण पाणी भरण्याची रील कोण बघणार!

आपल्याकडे तरी काय वेगळं? लेणं दिसलं की पांडव, पांडव आले की एकच रात्र. वर्षानुवर्षं छिन्नी चालवणाऱ्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं?

बरं, हे ज्ञान वाटायचं कुठे, तर ऐन मधल्या पायरीवर, सेल्फीसाठी हात लांब करून. चढणारे धापा टाकतायत, उतरणारे कड्याला चिकटलेत.

सरका की हो जरा!